जुन्याला साजेसं

सामान कमी पडलं की दुसरं सामान त्याच्याशी बेमालूम जुळवून घ्यायचं, या खटाटोपाचा आपल्या संभाजीनगरातला सर्वांत मोठा नमुना म्हणजे बीबी का मकबरा. खालचा पट्टा संगमरवरी, वरचा घुमट संगमरवरी आणि मधला बराचसा भाग काळ्या दगडाचा, वरून घोटून घोटून चढवलेला चुन्याचा पांढरा गिलावा. संगमरवराने लादलेल्या शेकडो गाड्या वाटेत पाहिल्याचं ताव्हेर्निए हा फ्रेंच प्रवासी सांगतो. तरी हातचं राखूनच काम करावं लागलं. १६६० च्या सुमारास हे उभं राहिलं तेव्हा पांढऱ्यात पांढरं मिसळून गेलं असेल. आता संगमरवर कुठे संपतो आणि चुना कुठे सुरू होतो, ते सहलीला आलेली शाळेतली पोरंही दाखवतात.

जे मकबरा बांधणाऱ्यांना साधलं नाही ते आपल्याला साधेल, अशा भरवशावर आम्ही गुलमंडीमागच्या आमच्या दगडी घराला एक खोली आणि न्हाणीघर जोडायला काढलं. अट एकच: नवं जुन्याला साजेसं दिसलं पाहिजे.

बांधकाम काढलं की सल्ल्याला तोटा नसतो. एका मेव्हण्यांनी दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल्सचा कॅटलॉग आणला. शेजारच्या काकांचं म्हणणं, साधा सिमेंटचा गिलावा करा, राखाडी रंग मारा आणि पांढऱ्या रेघा ओढून दरजा दाखवा. रस्त्यावरून कोण बघायला बसलंय? नवा दगडच घेणार असाल तर त्यावर ताक-शेणाचा काला फासा, चार महिन्यांत जुना दिसतो, असंही एकाने सुचवलं. सर्वांत पुढे गेली आमची आत्या. ती म्हणाली, "देवळातल्या मारुतीला चोळतात तसं तेल चोळा की! काळाकुळकुळीत होईल बघ."

शेवटी खदानीतून खराच काळा दगड आला. त्याच डेक्कन ट्रॅपचा, म्हणजे नात्याने सख्खा. पण जुन्याशेजारी ठेवला आणि दोघांचं पटेना. नवा मशीनने कापलेला, सपाट, निळसर करडा. जुन्याच्या अंगावर टाकीचा एकेक घाव दिसतो. कुठे पाथरवटाचा हात जोरात पडलेला, कुठे दुपारच्या जेवणानंतर सैल झालेला. शिवाय दगडातलं लोखंड हवा-पाण्याने गंजतं, त्याची तांबूस झाक सगळ्या भिंतीवर. ती झाक विकत मिळत नाही. मिस्त्री म्हणाले, "काका, पंधरा-वीस पावसाळे जाऊ द्या, मग बघा."

खरा पेच रंगाचा नव्हताच. नवी भिंत जुनीत दात घालून एकजीव करा, असा माझा आग्रह होता. मिस्त्रींनी ओळंबा खाली ठेवला आणि समजावलं. जुनी भिंत अडीच फूट जाडीची, दोन्ही अंगांना घडीव दगड, पोटात चिपा आणि माती. तिला बसायचं तेवढी ती कधीच बसून गेली. नवी अजून बसणार आहे. दोघींना करकचून बांधलं तर नवी खाली जाताना जुनीला ओढणार आणि तडा जाणार. म्हणून मध्ये बोटभर फट सोडायची. जुन्या दरजांत सिमेंटही भरायचं नाही. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं आणि मग भिंत फुगते. "दोघी शेजारणी समजा," ते म्हणाले. "सख्ख्या बहिणी करायला जाऊ नका."

१९६४ साली व्हेनिसला देशोदेशीचे वास्तुतज्ज्ञ जमले आणि त्यांनी एक सनद केली. जुन्या वास्तूत नव्याने घातलेला भाग एकंदर वास्तूशी मेळ खाणारा असावा, पण नवा म्हणून ओळखू यावा, असं तीत आहे. आमच्या मिस्त्रींनी ती वाचलेली असण्याची शक्यता कमी.

मग मी घराकडे जरा नीट पाहिलं. पुढची ढाळज दगडी, वर लाकडी तुळयांचं माळवद. मधल्या दोन खोल्या हैदराबाद मुक्तिसंग्रामानंतरच्या, पक्क्या विटांच्या. स्वयंपाकघरात शहाबादी फरशी, मागे वडिलांनी टाकलेला स्लॅब. जुन्याशी जुळवायच्या भानगडीत कुणी पडलेलं नाही. दाराची उंची आणि अंगणाकडचं तोंड तेवढं सगळ्यांनी सांभाळलं. गावानेही दुसरं काय केलं? १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभारला. पुढे मोगलांनी तट बांधला, दिल्ली दरवाजा बांधला, तो आपल्या तऱ्हेने. नावंही बदलत गेली. हे सगळं मिळूनच आपण 'जुनं शहर' म्हणतो.

तेव्हा नव्या खोलीची भिंत विटांचीच झाली, वर चुन्याचा गिलावा. खदानीतला दगड पायऱ्यांना लागला. खिडकीची चौकट मात्र जुन्या खिडकीच्या रेषेत धरली. आत्या पाहून म्हणाली, "नवं कुठलं ते लगेच कळायलंय." मी ती शाबासकी समजलो.

जुळवाजुळवीचा खरा धडा मात्र न्हाणीघरात मिळाला. वडिलांच्या स्लॅबखालच्या जुन्या मोरीत चार-दोन टाइल्स बदलायच्या होत्या, फिकट हिरव्या, फुलांच्या. दुकानदाराने तुकडा उलटसुलट पाहिला आणि सांगितलं, "हे डिझाइन केव्हाच बंद झालं." म्हणजे पणजोबांचा दगड अजून डोंगरात आहे, हवा तेवढा मिळतो, वडिलांची टाइल उभ्या मार्केटात नाही. उद्या आमची नातवंडं जुनं जपायला निघाली, तर त्यांना दगडाचा त्रास नाही. त्रास आमचाच.

म्हणून मिस्त्रींच्या सांगण्यावरून नव्या टाइल्सचे दोन बॉक्स जास्तीचे घेतले आहेत. भिंतीतल्या बळदात पूर्वी दुष्काळासाठी ज्वारी साठवत, तिथे ते ठेवले.