जे आधी झिजेल ते

माझ्या गाडीचं हँडल गेल्या महिन्यापासून सरळमार्गी झालं आहे. डावीकडे वळवायला जावं तर ते मधोमध एका खाचेत अडून बसतं, जरा जोर लावला की ‘टक्’ करून सुटतं आणि मग गरजेपेक्षा जास्तच वळतं. राजकारणात अशा माणसाला तत्त्वनिष्ठ म्हणतात. गॅरेजमध्ये ‘कोनसेट गेला’ म्हणतात.

(गाडी म्हणजे अर्थातच दोन चाकांची. चार चाकांचीला आम्ही ‘फोर व्हीलर’ म्हणतो. ती शेजाऱ्यांची आहे आणि आमच्या फाटकासमोर उभी असते.)

कोनसेट ही वस्तू गाडी घेताना कुणी बघत नाही. लोक टाकीवरचे पट्टे बघतात, मायलेज विचारतात, आणि पेढे वाटतात. हा बिचारा हँडलखाली, गाडीच्या मानेत दडलेला असतो. वर आणि खाली पोलादी वाट्या, त्यांत ग्रीस आणि छर्रे, आणि त्या छर्र्यांच्या जिवावर पुढचं चाक डावी-उजवी करतं. चाक खड्ड्यात आपटलं की शॉकॲब्सॉर्बरला न पेललेला दणका वर चढतो आणि छर्रे वाटीत रुततात. बरं, माणूस बहुतेक वेळ सरळच जात असल्यामुळे ते दर वेळी त्याच जागी रुततात. वर्ष-दोन वर्षांत तिथे खळगे तयार होतात. म्हणजे रस्त्यावरचे खड्डे हळूहळू गाडीत शिरतात. ही बदली फार शांतपणे होते.

गाडी दोन वर्षांची. वॉरंटी पाच वर्षं किंवा सत्तर हजार किलोमीटर, ‘यांपैकी जे आधी होईल ते’. मीटरवर एकोणीस हजार. म्हणजे दोन्ही अंगांनी मी सुरक्षित. पुस्तिका, पावत्या, आरसीची झेरॉक्स असं सगळं पिशवीत घालून, मुलीची पत्रिका घेऊन निघालेल्या बापासारखा मी सर्व्हिस सेंटरला पोचलो.

तिथला मुलगा चांगला होता. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, तोंडात ‘सर’. त्याने गाडी मधल्या स्टँडवर चढवली, पुढचं चाक उचललं, दोन बोटांनी हँडल हलवून पाहिलं. मधोमध आल्यावर ‘टक्’ झालं. त्याच्या चेहऱ्यावर नाडी सापडलेल्या वैद्याचं समाधान पसरलं.

‘कोनसेट गेलाय, सर.’

‘वॉरंटीत आहे ना?’

‘गाडी वॉरंटीत आहे, सर.’

हे वाक्य मला तेव्हा आशादायक वाटलं होतं.

‘पण कोनसेट वेअर अँड टेअरमध्ये जातो,’ असं म्हणून त्याने माझ्याच पिशवीतली माझीच पुस्तिका काढली आणि शेवटून दुसरं पान उघडलं. हे पान बारीक अक्षरात छापलेलं असतं. चाळिशीच्या आत ते वाचण्याची इच्छा होत नाही आणि चाळिशीनंतर ते वाचता येत नाही. त्यावर झिजणाऱ्या भागांची यादी होती. ब्रेक शू, क्लच प्लेटा, चेन-स्प्रॉकेट, सगळ्या केबली, बल्ब, प्लग, फिल्टर, रबरी भाग, ऑइल सील, बेअरिंगं. बॅटरीसाठी बॅटरीवाल्यांकडे जावे. टायरसाठी टायरवाल्यांकडे जावे. रंग उडाल्यास ऊन, पाऊस आणि पक्षी यांना जबाबदार धरावे.

मी हिशेब केला. गाडीत जे हलतं, फिरतं, घासतं, तापतं किंवा पेटतं, ते सगळं यादीत होतं. उरली टाकी, साइड स्टँड आणि कंपनीचं नाव. यांच्या दीर्घायुष्याची हमी कंपनीने पाच वर्षं घेतली होती. सत्तर हजार किलोमीटरची अट कशासाठी ठेवली होती ते मात्र कळेना, कारण वॉरंटी टिकवायची तर गाडी जागेवर असणंच श्रेयस्कर.

मी म्हटलं, ‘बाबा रे, झिजायलाही काही वय असतं. एकोणीस हजारांत कोनसेट जातो?’

‘तसं तीसेक हजार जायला पाहिजे, सर,’ त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं. मग टॅबवर बोट फिरवलं. ‘पण तुमची तिसरी फ्री सर्व्हिस अकरा दिवस लेट आहे.’

ती का लेट झाली हे मी त्याला सांगितलं. घरात गौरी होत्या. ‘गौरी तीन दिवसांच्या असतात, सर.’ पण आदल्या आठवड्यात भिंती रंगवायला काढल्या होत्या. त्याने हे सगळं सहानुभूतीने ऐकलं. सिस्टीममध्ये गौरींचा रकाना नव्हता. फ्री सर्व्हिसचं तर मला पहिल्यापासून सोळा सोमवारांसारखं वाटत आलं आहे. एक चुकला की आधीचे सगळे वाया. फरक इतकाच की सोमवारांचं बिल येत नाही. या फुकट सर्व्हिसचं बिल अकराशे चाळीस रुपये झालं होतं. त्यात ऑइल होतं, फिल्टर होता आणि ‘कंझ्युमेबल्स’ नावाचे नव्वद रुपये होते, जे नेमके कोणी कंझ्यूम केले ते मी अजून शोधतो आहे.

मग तो प्रश्न आला.

‘गाडी कुठे चालवता, सर?’

‘रस्त्यावर.’

‘तसं नाही. कुठल्या रोडवर?’

मी रोजचा मार्ग सांगितला. घर, शाळेचा चौक, नाल्यावरचा पूल, ऑफिस. शाळेचा चौक म्हटल्यावर आजूबाजूचे दोन-तीन मेकॅनिक वळून बघायला लागले. एकाने हळहळून मान हलवली. मुलाने जॉबकार्डवर सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘रोड कंडिशनमुळे. उत्पादनात दोष नाही. क्लेम नामंजूर.’ खाली शिक्का. त्याच शिक्क्याने माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

कारण शाळेच्या चौकातला रस्ताही वॉरंटीत आहे! तिथे कोपऱ्यात एक फलक आहे. त्यावर कामाचं नाव, ठेकेदाराचं नाव, रक्कम आणि सर्वांत खाली ‘दोषदायित्व कालावधी : ३ वर्षे’. म्हणजे तीन वर्षांत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. फलकाचा पत्रा उत्तम आहे. रस्त्यासाठी हाच ठेकेदार का नेमला नाही, हा विचार मला नेहमी छळतो. रस्त्याचं वय दीड वर्ष. आणि माझ्या हातात एका तज्ज्ञ संस्थेचा सही-शिक्क्याचा दाखला, की रस्ता खराब आहे.

क्षेत्रीय कार्यालयातल्या अभियंत्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि जॉबकार्ड दोनदा वाचलं.

‘रस्ता झिजलाय हे खरं,’ ते म्हणाले, ‘पण ठेकेदाराचं पत्र आलेलं आहे.’ फाइल उघडली. ठेकेदाराच्या मते पाऊस अवकाळी होता, केबलवाल्यांनी मधून चर खणला होता, आणि मुख्य म्हणजे ‘सदर रस्त्यावर दुचाकी वाहनांची संख्या अपेक्षेपेक्षा जास्त’ होती. थोडक्यात, झीज नैसर्गिक, वापर असाधारण, उत्पादनात दोष नाही. भाषा इतकी ओळखीची वाटली की मी पत्राखाली सर्व्हिस सेंटरचा शिक्का शोधला.

आता इथे थोडं गणित केलंच पाहिजे. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून ट्रक फिरवून पाहिले होते. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की, रस्त्याचं नुकसान आसावरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढतं. भार दुप्पट, नुकसान सोळापट. मला पाठीवर घेतल्यावर माझ्या गाडीच्या मागच्या चाकावर साधारण दीडशे किलो येतात. सिमेंटच्या ट्रकच्या एका आसावर दहा टन धरा. तर तो आस एकदा जाण्याने रस्त्याचं जेवढं वाटोळं होतं तेवढं करायला मला त्याच चौकातून सुमारे दोन कोटी वेळा जावं लागेल. रोज जाऊन-येऊन दोन फेऱ्या धरल्या, रविवारची सुट्टी घेतली नाही, तरी सत्तावीस हजार वर्षं. त्यातली तीन वर्षं दोषदायित्वात, उरलेली माझ्या अंगावर.

हे मी अभियंत्यांना सांगितलं. ते पेपरात लिहा म्हणाले. म्हणून लिहितो आहे. वास्तविक डांबराचा खरा वैरी पाणी. ते खडी आणि डांबर यांच्यामध्ये शिरलं की दोघांचा घटस्फोट ठरलेला. पण पाण्याला कडेला जायला गटार ठेवण्याची जबाबदारी तिसऱ्याच विभागाची असते आणि त्या विभागाची वॉरंटी कधी सुरूच झालेली नसते.

‘बरं, पण तुमची गाडी वॉरंटीत आहे ना?’ अभियंत्यांनी निघताना विचारलं. ‘मग कंपनीकडूनच का घेत नाही?’

खालच्या मजल्यावरचे वकील म्हणाले, ग्राहक आयोगात जा. ते उत्साहाने म्हणाले, कारण हा जोशींचा महाराष्ट्र आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत इथेच उभी केली. कायदाही आता आपल्या बाजूने. २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही. वस्तूची तपासणी लागली तर आयोग ती प्रयोगशाळेत पाठवतो. तिने पंचेचाळीस दिवसांत अहवाल द्यावा आणि निकाल पाच महिन्यांत लागावा, असं कायद्याला वाटतं. प्रयोगशाळेचा खर्च मात्र तक्रारदाराला आधी भरायला सांगू शकतात. कोनसेट साडेचारशेचा. मी मनातल्या मनात बेरीज केली आणि वकिलांना चहा पाजला.

त्यांनी दुसरीही वाट दाखवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांपायी मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला आहे. ‘तुम्हाला काही लागलं का?’ त्यांनी वरपासून खालपर्यंत बघून विचारलं. मी धडधाकट. एवढी मोठी उणीव असलेली केस ते कशाला घेतील?

शेवटी गाडी गल्लीतल्या गॅरेजवालीकडे नेली. हो, गॅरेजवालीकडे. वडिलांचं गॅरेज आता मुलगी चालवते. पाने तेच, शिव्या कमी. तिने हँडल उतरवलं, जुनी वाटी ठोकून काढली, चिंधीने ग्रीस पुसलं आणि माझ्या हातात ठेवली. ‘नख फिरवून बघा, काका.’

मी फिरवलं. वाटीच्या कडेने ओळीने खळगे होते, सारख्या अंतरावर, रुद्राक्षांच्या माळेसारखे. एवढं शिस्तबद्ध काम त्या चौकात कुणीच केलेलं नव्हतं. नव्या वाट्या बसल्या, छर्रे ग्रीसमध्ये एकेक करून चिकटवले गेले, वरचा नट आवळून, जरा सैल करून, परत आवळून झाला. हँडल बोटाच्या टोकावर इकडून तिकडे झुललं. कोनसेट साडेचारशे, मजुरी तीनशे. बाहेर काम केल्यामुळे वॉरंटी गेली म्हणायलाही कंपनी आता मोकळी झाली.

पैसे देताना सवयीने तोंडातून गेलं, ‘गॅरंटी किती गं?’

तिने हातोडी खाली ठेवली आणि गल्लीच्या टोकाकडे बघितलं. तिथे परवाच कुणीतरी पाइपसाठी खणून माती ढकलून ठेवली होती आणि त्यात झाडाची एक फांदी खोचली होती.

‘त्या फांदीपर्यंत, काका.’