श्री. अंडेराव उकडे यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. अंडेराव उकडे,
माजी साप्ताहिक पाहुणे, शालेय पोषण आहार, महाराष्ट्र राज्य.



आपण सुखरूप, म्हणजे न फुटता असाल अशी आशा आहे. पत्रास कारण की, मुलांना पोषण शिकवण्याचे काम सध्या जोरात चालू आहे आणि त्यात आपली गैरहजेरी कोणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून पुरेपूर खबरदारी घेतलेली आहे. आपल्या जिवाला घोर लागू नये, म्हणून कळवतो.

सप्टेंबर उजाडला की पोषण महिना येतो. प्रभातफेरी निघते, शपथ होते, पाककृती स्पर्धा होते, फोटो वर पाठवले जातात. व्हरांड्यात मूग-मसुरांची सुबक रांगोळी घातली जाते. (ती डाळ पुढे कुठे जाते, हे विचारायचे नसते.) वर्गातल्या तक्त्यावर आपण अजून आहात. दूध आणि डाळींच्या शेजारी, पांढरेशुभ्र, चांगले टेनिसच्या चेंडूएवढे. गुरुजी छडी टेकवून विचारतात, "अंड्यातून काय मिळते?" वर्ग एका सुरात ओरडतो, "प्रथिने!" उत्तर शंभर टक्के बरोबर. मागच्या बाकावरच्या एखाद्या पोराने "आणि अंडे कशातून मिळते?" असे विचारले, तर मात्र गुरुजींना शासकीय भाषेत उत्तर द्यावे लागेल: लोकसहभागातून.

आपली कारकीर्द तशी छोटीच. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाला साक्षात्कार झाला की मुलांना आठवड्यातून एक दिवस आपण लाभावे. दर ठरला पाच रुपये. ज्यांच्या घरी आपण चालत नाही, त्यांच्यासाठी केळे किंवा स्थानिक फळ. वाद मिटावा इतका सोपा तोडगा होता, म्हणूनच बहुधा तो कोणाला पटला नाही. पंगतीत आपल्या शेजारी बसल्याने संस्कृती नासते, असे म्हणणारे पुढे आले. शेजारच्या ताटात खिचडी किती आहे, हे पाहायला मात्र त्यांच्यापैकी कोणी आल्याचे ऐकिवात नाही. मग जानेवारी २०२५ मध्ये नवा निर्णय निघाला: अंडे हवे असेल तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून पैसे उभे करावेत, सरकारी निधी मिळणार नाही.

एकट्यालाच काढले म्हणून वाईट वाटून घेऊ नका. त्याच फटकाऱ्यात साखरही गेली. तांदळाची खीर आणि नाचणीसत्त्व पाककृतीत आहेत, पण ती गोड करायची तर साखर गावाने आणायची. देशातला पहिला मोठा सहकारी साखर कारखाना ज्या राज्यात उभा राहिला, जिथे साखरसम्राटांच्या पिढ्यांमागून पिढ्या मंत्रालयात नांदल्या, तिथे पोरांच्या खिरीला साखर नाही! साखरेची ही गत झाली, तर आपली काय कथा? महाराष्ट्रात अंडेसम्राट अजून निपजलेला नाही, हीच आपली खरी अडचण आहे.

खरे तर शासन काळाच्या पुढे आहे. सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले. चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के साखरेतून येतात, असायला हवेत पाच टक्के, असे त्या परिपत्रकात म्हटले होते. शहरातल्या मुलांना साखर कमी करायला फलक लागतो. आमच्या जिल्हा परिषद शाळांनी फलकाविना ती शून्यावर आणून दाखवली.

आता थोडे गणित. पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत, असा नियम आहे. आपण एकटे सहाएक ग्रॅम देता, म्हणजे निम्मे काम फत्ते. उरलेल्या दिवशी ते सगळे डाळ-तांदळाने करायचे. तांदूळ केंद्राकडून येतो. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन या सगळ्यांसाठी मे २०२५ पासून मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे मिळतात. ही खिचडी रांधणाऱ्या ताईला महिन्याला २,५०० रुपये मानधन. एवढ्यात जी बाई रोज चवीचे काहीतरी ताटात वाढते, तिला पोषणशास्त्राची मानद पदवी द्यायला हरकत नाही. ती फुकट देता येते, त्यामुळे कदाचित मिळेलही.

पाच रुपयांत आणखी एक गोष्ट येते, ती आपल्याला ठाऊक असेलच. शाळेसमोरच्या टपरीवर लोंबकळणारे चकचकीत पाकीट. त्याला शासननिर्णय लागत नाही, समितीची सभा लागत नाही, त्याच्यामुळे कोणाचा धर्म बाटत नाही. तेल, मीठ, साखर अती असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. ते अंतर टेपने मोजणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

सगळ्यात गंमत आदिवासी भागात. तिथे अमृत आहार योजनेत सात महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळे देण्याची तरतूद आहे. म्हणजे अंगणवाडीत आपण पौष्टिक, आणि तेच पोर पहिलीत गेले की आपण ऐच्छिक. पाच वर्षांखालील शंभरातली पस्तीस बालके वयाच्या मानाने खुजी, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ज्या राज्याबद्दल नोंदले गेले, त्या राज्याची ही विचारपूर्वक आखणी आहे.

आपण तामिळनाडूत का जात नाही? तिथे शाळा भरते त्या प्रत्येक दिवशी मुलांच्या ताटात आपल्याला जागा आहे, आणि सरकार कोणत्याही पक्षाचे आले तरी ती कोणी काढून घेत नाही. कर्नाटकात २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने आठवड्याचे सहाही दिवस सोय झाली आहे. सीमाप्रश्नावर आम्ही एक इंचही मागे हटत नाही. अंड्याच्या बाबतीत सहा दिवस मागे आहोत, पण त्यावर अजून सर्वपक्षीय बैठक झालेली नाही.

हे पत्र उघडे असल्यामुळे शाळा व्यवस्थापन समितीवरचे कोणी पालक वाचत असतील, तर त्यांना एक विनंती. पुढच्या सभेत लोकवर्गणीचे पावतीपुस्तक काढण्याआधी एक ठराव लिहा: अंडे आणि केळे यांचा खर्च शासनाने योजनेच्या निधीतूनच द्यावा. ठरावावर सह्या घ्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.

आपला,
पाचवीतल्या एका मुलीचा बाप