वाजवी विश्रांती

करोनाच्या साथीत, 22 मार्च 2020 ला संध्याकाळी पाच वाजता मी गच्चीवर जाऊन स्टीलचं ताट पोचे येईपर्यंत बडवलं. डॉक्टरांसाठी आपण एवढं केलंय, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर कुणी विचारायला नको.

आमच्या वरच्या, चौथ्या मजल्यावरची मुलगी तेव्हा निवासी डॉक्टर होती. तिच्यासाठी ताटं वाजवणाऱ्या याच सोसायटीने, सुट्टीला आल्यावर तिने लिफ्ट वापरू नये अशी चिठ्ठी डकवली. जिने चढल्याने प्रकृती चांगली राहते, असं सेक्रेटरींचं मत पडलं. एवढं बोलून ते लिफ्टने वर गेले.

'निवासी' म्हणजे रुग्णालयातच ज्यांचा निवास. खोली मिळेलच असं मात्र नाही. 2 जानेवारी 2023 ला राज्यातले सुमारे सात हजार निवासी डॉक्टर संपावर गेले, त्यांच्या मागण्यांत वसतिगृह होतं. निवासींनी निवास मागणं, ही जरा अतीच अपेक्षा म्हणायची.

बाहेरगावचे लोक आमच्या नाशिककडे दोन कामांसाठी डोळे लावून बसतात. एक त्र्यंबकेश्वरची कालसर्पशांती, दुसरं म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. राज्यातल्या निवासी डॉक्टरांच्या परीक्षेची तारीख इथूनच निघते. करोनात ती पुढे सरकली. त्र्यंबकचे गुरुजी निदान मुहूर्त नक्की सांगतात. तिकडे दिल्लीतून नवी भरतीही अडली. 18 एप्रिल 2021 ची नीट-पीजी प्रवेश परीक्षा थेट 11 सप्टेंबरला झाली, आणि पहिल्या वर्षाची मुलं आली ती 2022 उजाडल्यावर. तोवर तीन तुकड्यांचं काम दोन तुकड्यांनी ओढलं.

मनाची काळजी मात्र कुणी विसरलं नाही. एकदा चौथ्या मजल्यावरच्या मुलीच्या कॉलेजने तणावमुक्तीचा वेबिनार ठेवला, हजेरी सक्तीची. ती नुकतीच वॉर्डातून सुटलेली. सहा तास पीपीई किटमध्ये, ना पाणी ना लघवी, पाठीवर मार्करने लिहिलेलं नाव घामाने पसरलेलं. तिने मोबाइल भिंतीला टेकवला, आवाज बंद केला आणि स्टोअररूममध्ये सलाइनच्या खोक्यांना टेकून झोपली. वक्ते सांगत होते, पुरेशी झोप घ्या. त्यांचं ऐकणारी बहुधा ती एकटीच. पुढे प्रमाणपत्रही आलं: सक्रिय सहभागाबद्दल.

नियमांचा दुष्काळ आपल्याकडे कधीच नव्हता. 1992 च्या केंद्राच्या योजनेत निवासींसाठी आठवड्याला 48 तास लिहिलेत. 2023 च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या नियमावलीने आकडा न देताच 'वाजवी' तास, 'वाजवी' विश्रांती असा शब्द योजला. आम्ही तर 2020 मध्येच वाजवून मोकळे झालो होतो. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने शिफारस केली, आठवड्याला 74 तासांहून जास्त नको. बत्तीस वर्षांत 48 चे 74 झाले, तेही दिलासा म्हणून. बाकी महागाईच्या मानाने ठीकच.

त्याच कृती दलाने 5,337 पदव्युत्तर विद्यार्थ्यांना, म्हणजे निवासींनाच, विचारलं होतं. त्यातल्या 31 टक्क्यांनी सांगितलं की आत्महत्येचा विचार मनात येऊन गेला. या वाक्यावर मला विनोद सुचला नाही.

ती मुलगी आता तज्ज्ञ डॉक्टर आहे. लिफ्टने जाते, आणि सेक्रेटरी तिला ईसीजी दाखवायला वाटेत गाठतात. तिचा धाकटा भाऊ यंदा निवासी झाला. छत्तीस तासांची ड्युटी करून आज सकाळी घरी आला आणि बुटांसकट आडवा झाला, असं त्याची आई जिन्यात सांगत होती. तरी कुरिअरवाले, वर्गणीवाले आणि ईसीजीवाले यांना विनंती, संध्याकाळपर्यंत चौथ्या मजल्याची बेल कुणीही वाजवू नये.