सर्वस्व सोडण्याची रीत (रजा दोन दिवस)

स्वप्नासाठी सर्वस्व सोडू पाहणाऱ्यांकरिता एखादी मार्गदर्शिका असावी, असं मला गेली सहा वर्षं वाटतंय. कारण आमचे जावई. दर डिसेंबरात ते पुण्याहून चंद्रपूरला येतात, बूट काढायच्या आत "दादा, मी नोकरी सोडतोय" असं जाहीर करतात, आणि मग त्यांना प्रेरणेसाठी डॉ. प्रकाश आमट्यांच्या हेमलकशाला न्यावं लागतं. सोमवारी ते कामावर हजर असतात.

नियम पहिला, पोशाख. जावईबापूंचं प्रेरणा घेण्याचं वेगळं जाकीट आहे. त्याला अकरा खिसे. 1973 साली डॉ. प्रकाश आमटे तिथे, भामरागडच्या जंगलात राहायला गेले, तेव्हा भोवतालच्या माडिया आदिवासींच्या अंगावर कपडा असून नसल्यासारखा. त्यांच्यात पूर्ण कपड्यांनी वावरायला डॉक्टरांना अवघडल्यासारखं झालं. ते बनियन आणि हाफपँटवर आले, ते कायमचेच. सबब कुणाची श्रद्धा जोखायची असेल तर खिसे मोजावेत.

नियम दुसरा, मार्ग. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली. पुढे जंगलच जंगल. पेट्रोल आलापल्लीलाच भरून घ्यावं. पावसाळ्यात नाले चढतात नि वाट तुटते, म्हणून पावसाळ्यात कुणी प्रेरित होऊ नये.

नियम तिसरा, धैर्य. याचा विधी लोक उलटा करतात. छाती आधी काढतात. शास्त्रोक्त पद्धत अशी की, आधी घाबरावं आणि पळावं. डॉ. प्रकाश यांचे वडील बाबा आमटे यांनी हेच केलं. वरोऱ्याचा हा वकील मैल्याची टोपली डोक्यावर घ्यायला कचरला नव्हता. पण पावसात गटाराशी पडलेला, कुष्ठरोगाने झडलेला तुळशीराम दिसला आणि बाबा घराकडे पळत सुटले. आपण भ्यालो, हे त्यांना सोसेना. ते परत गेले, त्याला आडोसा केला, त्याची शुश्रूषा केली. पुढे कलकत्त्याला जाऊन त्या रोगाचं शिक्षण घेतलं आणि 1951 साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन मांडलं. भांडवल सांगतात ते असं: सहा रोगी, एक लंगडी गाय आणि 14 रुपये. ही गोष्ट मी गाडीत दरवर्षी सांगतो. जावईबापू दरवर्षी डोळे पुसतात. एकदा वाटेत अस्वल दिसलं तेव्हा त्यांनी काच वर केली. म्हणजे विधीचा पूर्वार्ध त्यांना जमतो.

नियम चौथा, हेतू. गाडीच्या मागच्या काचेवर रंगवू नये. निघत नाही.

नियम पाचवा, सूचना. जावईबापू पोचल्यापासून तासाभरात सात सुधारणा सुचवतात. खुद्द आमट्यांनी मात्र हेमलकशाला दवाखाना उघडला तेव्हा सुरुवातीला रोगीच येत नव्हते. प्रकाश आणि त्यांच्या पत्नी मंदाताई, दोघं शिकलेले डॉक्टर, रोग्यांची वाट बघत बसले आणि एकेक शब्द गोळा करत माडिया भाषा शिकले. वीज तर कित्येक वर्षं नव्हतीच. 1986 ला गडचिरोलीत आलेल्या डॉक्टर बंग दांपत्यानेही सूचना केल्या नाहीत, लोकांनाच विचारलं, दवाखाना कसा हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते, आपल्या घरांसारखा हवा, सोबतच्यांनाही राहता यावं, असं लोक म्हणाले. मग त्यांच्या शोधग्रामला झोपड्यांसारखा दवाखाना उभा राहिला आणि त्याला नाव दिलं आदिवासींच्या देवीचं, मां दंतेश्वरीचं. प्रेरणेचा मुख्य कच्चा माल म्हणजे बसून राहणं. तो दोन दिवसांच्या रजेत मावत नाही, हे मी जावईबापूंना सांगत नाही. जावई आहेत.

आणि खरं सांगायचं तर ते आले नाहीत की मला करमत नाही. बाविसाव्या किलोमीटरला ते झोपतात, घोरतात. तेवढ्या शांततेत मला माझं आठवतं.

माझं म्हणजे, ट्रंकेतलं तीन अंकी नाटक. पंधरा वर्षं झाली. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी सरली की रात्रभर नाटकं रंगतात. अख्खी गावं थंडीत पांघरुणं घेऊन पहाटेपर्यंत बघत बसतात. या नाटक कंपन्यांचं माहेर वडसा. हेमलकशाला मी सहा वेळा गेलो, वडशाला एकदाही नाही. कधी गाडी नादुरुस्त, कधी तिसरा अंक.

चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनवरून वडशाला रेल्वे जाते. मूल, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा. गाडी बदलावीही लागत नाही. तिकीट किती, ते मी अजून विचारलेलं नाही.