उसना दम

फैजपूरच्या स्टँडवर कोणी धावत-पळत येऊन भुसावळची गाडी गाठली, की मागून एक हात येतो आणि त्याचं मनगट धरतो. "बोलू नको भो, मोजू राह्यलो."

हे आमचे दमसर. खेळाचे मास्तर म्हणून निवृत्त झाले. गळ्यातलं स्टॉपवॉच अजून नोकरीवर आहे. पाठीला रिकामा कॅन बांधून गावच्या दोन पिढ्या त्यांनी विहिरीत ढकलल्या. तेव्हा ते नुसते 'हात मार!' ओरडायचे. आता ऑक्सिजनवर बोलतात.

"माणूस नुसता बसला तरी किलोमागं मिनिटाला साडेतीन मिलिलिटर ऑक्सिजन खातो," हे ते भरिताच्या पंगतीत सांगतात आणि शेजाऱ्याला वजन विचारतात. भारी आसामी घाईनं केळीच्या भावावर येते. फैजपूरच्या 1936 च्या काँग्रेस अधिवेशनाचा विषय निघाला, तरी सर म्हणणार, "नेहरू बैलांच्या रथातून आले, म्हणून तर भाषणाला दम उरला!"

पण समजावतात झकास. "मोटर चालू केली की शेवटच्या केळीला लगेच पाणी मिळतं का? नळ्या भरेस्तोवर झाड जुन्या ओलीवर. शरीराचंही तसंच. पहिली दोन-तीन मिनिटं उसनवारी." सावकाश पोहलं तर पुढे मागणी-पुरवठ्याचा मेळ बसतो. जोर वाढवला, की वेग तोच ठेवूनही ऑक्सिजनची मागणी हळूहळू चढत जाते. त्याहून ताणलं तर ती थेट छताला भिडते, मग काठ जवळ करावाच लागतो. आणि पन्नास मीटरची शर्यत? छत गाठण्याआधीच संपते. उसनं फेडायचं ते बाहेर येऊन. शिवाय वेग दुप्पट केला की पाणी चौपट आडवं येतं. एवढं ऐकल्यावर पोरं पाण्यात उतरायलाच घाबरतात, हा भाग वेगळा.

प्रयोगशाळेत पोहणाऱ्याच्या तोंडाला नळी लावून श्वास मोजतात, हे कळल्यावर सरांनी ठिबकची जुनी नळी आणली. पुतण्यानं तोंडात धरून ओढली, तर आतून मुंग्या आल्या.

परवा मला मळ्यातल्या विहिरीत उतरवलं. पहिल्या फेरीत गावच्या चौकशा केल्या, मी उत्तरं दिली. दुसरीत माझं 'हो-नाही' वर आलं. तिसरीत त्यांनी काय विचारलं ते ऐकूच आलं नाही. पायरीवर पडलो तर मनगट त्यांच्या हातात होतंच. "फेड, फेड. आरामात फेड."

तेवढ्यात लाइट आली. मालकानं मोटर टाकली आणि सर उठले. शेवटच्या केळीला पाणी किती सेकंदांत पोचतं, हे त्यांना त्याच क्षणी हवं होतं. धोतर सावरत बांधाबांधानं पळाले, टोकाला वाकून पाहिलं, तसेच पळत परत आले. आकडा सांगायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. बराच वेळ नुसते उभे राहिले.

मग स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं आणि मनगट पुढे केलं.