कंबर कसताना

कॉर्सेट शिवायला घेतलं की पहिल्यांदा ध्यानात येतं ते हे, की या नाजूक दिसणाऱ्या वस्त्राचं सामान नाजूक गोष्टींच्या दुकानात मिळत नाही. लक्ष्मी रस्त्यावर रेशीम आहे, लेस आहे, मोती आहेत. पण ती सगळी वरवरची शोभा. खरा जीव असतो आतल्या कापडात. विलायतेत त्यासाठी कूटील नावाचं घट्ट, तिरक्या विणीचं सुती कापड वापरतात. कितीही ओढा, ते ताणून सैल पडत नाही. पुण्यात ते कोण ठेवणार? पण त्याची सख्खी चुलत बहीण रविवार पेठेत ठाणच्या ठाण पडलेली असते. तिचं नाव गादीपाट. आतल्या कापसाला बाहेर डोकावू न देता निजलेल्या कुटुंबांचा भार वर्षानुवर्षं सोसणारं हे पट्ट्यापट्ट्यांचं कापड. जुन्या काळी तिकडच्या शिंप्यांनाही या कामाला ते चालत असे. दुकानदार मान वर न करता विचारतो, “सिंगल गादी की डबल?” आणि अशा वेळी आपल्या कमरेचं माप तोंडातून निघता निघत नाही.

“कशासाठी हवंय?” हा पुण्यातल्या प्रत्येक गल्ल्यावरचा हक्काचा प्रश्न. त्यावर मी एक उत्तर शोधून ठेवलं आहे: “नाटकासाठी.” ‘हौस म्हणून’ म्हटलं तर समोरचा माणूस आपल्या वयाकडे पाहतो, ‘नाटकासाठी’ म्हटलं की मापाच्या पट्टीवरून बोटभर कापड जास्त सुटतं. फक्त मग प्रयोग कुठे आहे, हेही सांगावं लागतं. तालमी चालू आहेत, असं म्हणून मी पुढच्या दुकानाकडे सरकते.

पुढचं दुकान तपकीर गल्लीत, दिवे आणि वायरींच्या गर्दीत. कॉर्सेटला ताठ उभं ठेवणाऱ्या ज्या काड्या लागतात, त्या खऱ्या पोलादाच्या. पण घरी शिवणाऱ्या जगभरच्या बायकांनी रुंद केबल टायवर भागवायला केव्हाच सुरुवात केली आहे. तो डोकं कापून, टोकं घासून गोल केला की शिवणीच्या बोगद्यात निमूट जाऊन बसतो. काउंटरवरच्या मुलानं एक जाड टाय वाकवून दाखवला, सोडला. तो सपकन सरळ झाला. “घ्या ताई, तुटायचा नाही. किती वायरी बांधायच्यात?” मी म्हटलं, “एकच.” “कुठली?” या प्रश्नावर मात्र नाटकही कामी आलं नाही.

केबल टायला हसू नये. त्याच्या आधी त्या जागी देवमासा होता. दातांच्या ठिकाणी त्याला जी लांबलचक झालर असते, तिच्या पट्ट्या उभ्या चिरून या शिवणींत घालत. आपल्या नखांच्याच जातीचा तो पदार्थ; गरम केला की हवा तसा वळतो आणि गार झाला की दिलेला आकार धरून ठेवतो. कोणा तरुणीची कंबर रेखीव दिसावी म्हणून उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात गलबतं फिरत होती, ही गोष्ट मला अजून नीट पचत नाही. पुढे देवमासे विरळ झाले, भाव चढले. मग अमेरिकेत मिशिगनमधल्या थ्री ओक्स गावी एडवर्ड वॉरेन या गृहस्थानं 1883 मध्ये टर्कीच्या पिसांच्या देठांपासून काड्या करायचा कारखाना काढला. एवढा अजस्र प्राणी, आणि त्याची जागा घेतली कोंबडीच्या थोरल्या भावानं! पण त्या गलबतांवरचेच खलाशी रिकाम्या वेळात देवमाशाच्या हाडाची लांब पट्टी घासत, तिच्यावर जहाज, फुलं, बदाम कोरत आणि घरच्या माणसासाठी घेऊन येत. ती कॉर्सेटच्या मधोमध, छातीला लागून सरकवायची असे. वर्षवर्ष बाहेर असलेल्या माणसानं पत्र ठेवायला याहून चांगली जागा निवडली नसती.

त्या पट्टीचा पुढचा अवतार म्हणजे पोलादी बस्क: एका पट्टीला खुंट्या, दुसरीला कड्या. 1829 मध्ये पॅरिसच्या जोसलँनं तो पुढून उघडता येईल असा केला आणि कॉर्सेट आपलं आपल्याला घालणं-काढणं सोपं झालं. पुण्यात मला तो मिळाला नाही, परदेशातून मागवावा लागला. आयलेट मात्र फ्लेक्सचे बोर्ड करणाऱ्याकडे मुठीनं मिळाले. ज्या कड्यांवर नगरसेवकांचे वाढदिवस टांगतात, त्यांतून आता माझी दोरी जाणार.

दोरी म्हणजे आपली नाडीच, पण पाच-सहा मीटर. ती वरून आणि खालून ओवत आणतात आणि दोन ताना समेवर भेटाव्यात तशी ती कमरेशी भेटते. पाठीवर दोन बाजूंच्या मध्ये जाणूनबुजून फट ठेवलेली असते, शरीराला कमीजास्त व्हायला. नाडीवाल्याकडे उभी असताना मला आजीची चोळी आठवली. तिला ना हुक, ना बटण. पुढे नुसती गाठ. बोलता बोलता, न बघता ती मारायची आणि दुपारी आडवं होताना सैल करायची. शेवटच्या दिवसांत त्या गाठीची टोकं लांब लोंबू लागली. कुणी काही बोलत नव्हतं, पण आजी वाळत चालली आहे हे घरात सगळ्यांना त्या टोकांवरून कळत होतं. कॉर्सेटची एवढी बदनामी आहे की बाईला छळणारं यंत्र म्हणूनच आपण त्याच्याकडे पाहतो, आणि दोरी दुसऱ्याच्या हातात गेली की ते खरंही आहे. पण स्वतःच्या मापानं शिवलं आणि स्वतःच्या हातानं बांधलं, तर त्या फटीला चोळीच्या गाठीइतकंच शहाणपण असतं.

कुणाला शिवायचंच असेल तर बस्क आधी मागवा. पुढची उंची त्याच्या लांबीवर ठरते. गादीपाट भिजवून, वाळवून मगच बेता, तो आटतो. आणि जुन्या चादरीचा एक नमुना अंगावर चढवून पाहिल्याशिवाय चांगल्या कापडाला कात्री लावू नका.