शेवटच्या पंगतीचा वकील

शिरवळसारख्या गावात सप्ताहाची पत्रिका निघते तेव्हा तिच्यावर सगळे असतात. कीर्तनकार, मृदंगमणी, विणेकरी, चोपदार, मंडपवाले, स्पीकरवाले, आणि ‘काल्याचा महाप्रसाद’ या ओळीखाली अन्नदात्यांची नावं, सहकुटुंब सहपरिवार. तो महाप्रसाद रांधणारा माणूस तेवढा नसतो. गावाच्या रीतीला हे धरूनच आहे. 1648 साली इथल्या सुभानमंगळ किल्ल्यासाठी लढाई झाली हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, पण लढणाऱ्या फौजेची चूल कोण सांभाळत होतं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. आचाऱ्याचं नाव गावाला एकाच प्रसंगी आठवतं, भात कच्चा राहिला तर. एरवी तो सगळ्यांचा मामा, आणि खेकसणं ही त्याची ख्याती. माझं म्हणणं असं की मामाचं खेकसणं हा स्वभावदोष नसून अन्नदानाच्या व्यवस्थेतलं एक पद आहे. ते पद रिकामं पडलं, तर शेवटच्या पंगतीला पत्रावळ मिळेल, भात मिळणार नाही.

मांडवातल्या कुणाचं हित कुठल्या पंगतीत अडकलंय ते पाहावं. अन्नदात्याचं पहिल्या पंगतीत, कारण फोटो तिथे निघतो. पुढाऱ्याचंही पहिल्याच, कारण त्याला अजून दोन मांडव गाठायचे असतात. वाढप्यांचा उत्साह तिसऱ्या पंगतीपर्यंत टिकतो, खजिनदाराची नजर उरलेल्या किराण्यावर असते आणि जेवणाऱ्याची स्वतःच्या पत्रावळीवर. शेवटच्या पंगतीला उरतात ते दमलेले वाढपी, सकाळपासून पुऱ्या लाटणाऱ्या बायका, महामार्गावर गाडी लावून आलेला ट्रकवाला आणि पाळी सुटल्यावर आलेले कारखान्यांतले कामगार. त्यांच्या बाजूने भांडणारा सबंध मांडवात एकटा मामा, कारण भात संपला तर शिव्या त्यालाच पडणार. म्हणून दुसऱ्या पंगतीत कुणी तिसऱ्यांदा शिरा मागितला की कढईमागून आवाज येतो, “पाहुणं, मानसं बसायची हायत अजून!” याला परोपकार म्हणता येणार नाही. मामा आपली अब्रू राखतोय. पण अब्रूच्या धास्तीने झालेला न्याय हाही न्यायच.

मामाला ‘अंदाज’ आहे असं लोक म्हणतात, जणू ती दैवी देणगी. ती बरीचशी हिशेबाची बाब आहे. एक पाहुणा किती जेवेल हे ब्रह्मदेवाला सांगता येणार नाही. हजार माणसं किती जेवतील हे बऱ्यापैकी सांगता येतं, कारण सकाळपासून उपाशी असलेला आणि मधुमेहवाला एकमेकांना सांभाळून घेतात. विमा कंपन्या याच तत्त्वावर चालतात, मामा माणशी शंभर ग्रॅम तांदूळ धरून चालतो. पाण्याचं गणित मात्र असं सरळ वाढत नाही. घरच्या पातेल्यातलं प्रमाण दोनशेने गुणलं तर भाताची पेज होते. भांडं मोठं झालं की आतला ऐवज जितका वाढतो तितकं वरचं तोंड वाढत नाही, आणि त्या मानाने वाफ कमी जाते. शिवाय जाळ ओढला तरी मोठा हंडा स्वतःच्याच उष्णतेवर शिजत राहतो. म्हणून भातात कणी असतानाच मामा जाळ ओढतो, आणि कमिटीचा कुणी झाकण उचलायला आला की उलथणं उगारतो. झाकण उचललं की वाफ जाते हे भौतिकशास्त्र झालं. उलथणं ही शिकवण्याची पद्धत.

आक्षेप असा घेतात की शेवटच्या पंगतीची आमटी पातळ असते, म्हणजे न्याय झाला तरी तो पाणीदार. खरं आहे. पण जाणता आचारी फोडणीचा घट्ट मसाला एका टोपात बाजूला काढून ठेवतो, आणि गर्दी फुगली की गरम पाण्याबरोबर तोही आमटीत जातो. नुसतं पाणी ओततो तो आचारी नव्हे, नळ. दुसरा आक्षेप विषबाधेचा, आणि तो गंभीर आहे. शिजलेला भात तासन्तास कोमट राहिला की त्यात जंतू वाढतात. गरम वाढायचं अन्न 60 अंशांच्या वर ठेवावं असा अन्नसुरक्षेचा नियम आहे, आणि 2011 च्या नियमांप्रमाणे धार्मिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्यालाही नोंदणी लागते. मामाला कागदाचं वावडं असलं तरी नियमामागचं कारण तो जाणतो. म्हणूनच तो सगळा भात एकदम न लावता हंड्यामागून हंडा चढवतो, आणि काल्याचं कीर्तन लांबलं की त्याचा पारा चढतो. तिकडे बुवा गोपाळांच्या शिदोऱ्यांत रमलेले, इकडे पहिला हंडा निवत चाललेला. मामाचा राग देवावर नसतो, घड्याळावर असतो. तंबाखू मळलेल्या हाताने मीठ टाकणं मात्र कुठल्याच युक्तिवादात बसत नाही. तिथे चुलीशेजारी पाण्याची बादली आणि साबण ठेवून मामावरच कुणीतरी खेकसायला हवं.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना. पंगत समतेची म्हणून मिरवते, पण कुणी रांधायचं आणि कुणी कुणाशेजारी बसायचं, हा प्रश्न आपल्याकडे शतकानुशतकं भुकेपेक्षा मोठा मानला गेला. शिरवळच्या जवळच नायगाव आहे, सावित्रीबाईंचं जन्मगाव. फुले दांपत्याने 1868 साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, 1877 च्या दुष्काळात धनकवडीला भुकेल्या मुलांना जेवू घातलं. त्या मापाने मामा काही क्रांतिकारक नाही. एकाच हंड्यातलं अन्न वेगवेगळ्या ओळींत वाढता येतं, आणि तसं ते वाढलं गेलेलं आहे. तरी आजच्या मांडवात तो डोकी मोजतो, आडनावं मोजत नाही, कारण आडनावं मोजत बसलं तर भात निवतो. समतेचं हे कारण फारसं उदात्त नाही, टिकाऊ आहे. बायकांच्या बाबतीत मात्र त्याची बाजू लंगडी पडते. पुऱ्या लाटून मनगटं दुखतात त्यांची, आणि चव म्हणे मामांच्या हाताला.

उरला केटररचा प्रश्न. एवढा तापट माणूस कशाला पोसायचा, ताटामागे दर ठरवून कंत्राट देऊन टाकू, असं नवी कमिटी म्हणते. केटरर गोड बोलतो, पनीर देतो, जिलेबी देतो. पण पाचशे ताटं ठरली की पाचशे एकाव्या माणसाशी त्याचा संबंध नसतो, आणि अन्नदानाची परीक्षा तर त्या पाचशे एकाव्यापाशीच सुरू होते. शिरवळच्याच सातारा जिल्ह्यात गोंदवल्याला ब्रह्मचैतन्य महाराजांच्या मागेही अन्नदान रोज चालू आहे. असा नेम चालतो तो साध्या अन्नावर. पदार्थ वाढवले की माणसं कमी करावी लागतात, हे मामा कमिटीला दर वर्षी सांगतो. सांगताना ‘अक्कल’ हा शब्द वापरतो, म्हणून कुणी ते मनावर घेत नाही. तेव्हा पुढच्या सप्ताहाला कमिटीने दोनच गोष्टी कराव्यात. पदार्थ किती, हे मामाला ठरवू द्यावं, आणि कीर्तन किती वाजता संपवायचं, हे बुवांना आधी सांगावं. ओरडण्याचा अधिकार वेगळा द्यायची गरज नाही, तो त्याने घेतलेलाच आहे.